गाडी रद्द झाली, ते बरेच झाले

जर्मनीत हवेच्या कमी दाबाच्या क्षेत्राला पैसे भरून आपल्या माणसाचे नाव देता येते. एका घरातल्या मुलांनी वडिलांच्या पासष्टीला अशीच भेट दिली, आणि 2007 साली ‘कीरिल’ हे त्यांचे नाव एका वादळाला चिकटले. वडिलांना काय वाटले असेल, देव जाणे.

18 जानेवारीला आयर्लंड, ब्रिटन, नेदरलँड्स, जर्मनी, चेक प्रजासत्ताक, पोलंड असे एकामागून एक देश त्याने झोडपले. चाळीसहून अधिक माणसे दगावली, लाखो घरे अंधारात गेली. इंग्लिश खाडीत ‘एमएससी नापोली’ या मालवाहू जहाजाला तडे गेले आणि त्यावरच्या 26 जणांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. बर्लिनच्या नव्याकोऱ्या मुख्य स्टेशनाची दोन टनी पोलादी तुळई 40 मीटरवरून बाहेरच्या जिन्यावर आदळली. नशिबाने कोणालाही इजा झाली नाही.

आपल्याकडचे चक्रीवादळ गरम समुद्रावर पोसले जाते आणि जमिनीवर आले की दमते. युरोपातली हिवाळी वादळे उत्तरेची थंड आणि दक्षिणेची उबदार हवा यांच्या तफावतीवर जगतात. म्हणून किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आतही त्यांचा जोर टिकतो. समुद्र लांब आहे, हा दिलासा तिथे कामाचा नाही.

कीरिल आले त्या संध्याकाळी जर्मन रेल्वेने देशभरातल्या लांब पल्ल्याच्या गाड्या थांबवल्या. असे पूर्वी कधी घडले नव्हते. स्टेशनावर अडकलेल्या आमच्यासारख्यांनी बोटे मोडली. काही जण भाड्याची मोटार शोधू लागले. खरा धोका तिथेच होता. कीरिलच्या बळींत झाड कोसळून मोटारीतच गेलेले लोक होते. तेव्हा गाडी रद्द झाली तर भरभक्कम छपराखालीच थांबा, काचेच्या तावदानांपासून दूर. रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, फोनची बॅटरी जपा, घरी एक निरोप धाडा.

वारा पडला तरी जंगलात जाऊ नका. उन्मळून एकमेकांत अडकलेल्या झाडांत प्रचंड ताण असतो. करवत लागताच बुंधा उसळतो. डिसेंबर 1999 च्या ‘लोथार’ वादळात स्वित्झर्लंडमध्ये 14 माणसे गेली आणि नंतर झाडे हटवताना जवळपास तितकीच.

हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्यांनी 112 हा आणीबाणीचा क्रमांक पाठ करावा. युरोपीय संघाच्या सर्व देशांत तो चालतो आणि फोन मोफत लागतो.