टोचलेल्या कोंबडीची शुश्रूषा

गेल्या पावसाळ्यात, पाटण तालुक्यातील एका खेड्यात आमचा मुक्काम असता, एके सकाळी आम्ही खुराड्याचे दार उघडले तो सहा कोंबड्या बाहेर आल्या आणि सातवी आली नाही. आत हात घालून पाहिले, तेव्हा ती कोपऱ्यात मान आखडून बसलेली आढळली. शेपटीच्या मुळाशी पिसे उपटलेली, पाठीवरचे कातडे रुपयाएवढे फाटलेले, तुऱ्यावर रक्त सुकलेले. मुंगूस शिरले असावे असे प्रथम वाटले. परंतु दार पक्के बंद होते, आणि बाहेर आलेल्या थोराड कोंबडीच्या चोचीस रक्त लागलेले होते. शेजारी म्हणाले, "आता ती जगत नाही, आजच कापा." सल्ला व्यवहाराचा होता. परंतु ती कोंबडी घरातील धाकट्या मुलीने पिलापासून ओंजळीत दाणे देऊन वाढविलेली होती, आणि आम्ही काय ठरवितो हे ती मुलगी दाराशी उभी राहून पाहत होती. आम्ही कोंबडी राखावयाचे ठरविले. त्यात आमच्या हातून एक चूक झाली. तीही पुढे सांगू, कारण या धड्याचा मुख्य भाग तीच आहे.

१. जखमेची काळजी

जखमी कोंबडी प्रथम कळपातून काढावी. कोंबड्यांचे लक्ष तांबड्या रंगाकडे चटकन जाते. रक्त दिसले की जिने आजवर कोणास टोचले नाही तीही टोचू लागते. तिला फडक्यात सैल गुंडाळून उचलावे. छाती आवळून धरू नये. पक्ष्यांस आपल्याप्रमाणे छाती व पोट यांमधील पडदा नसतो, छातीचे हाड हलले तरच त्यांचा श्वास चालतो. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडके काही मिनिटे दाबून धरावे. नंतर अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावे, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालावे व त्याने जखम धुवावी. जखमेत चिकटणारी जुनी पिसे कात्रीने कापावी. नव्याने फुटणारे निळसर कोंब मात्र कापू नयेत, कारण त्यांत रक्त असते.

यावर पोव्हिडोन आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. आपल्याकडे पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो, व त्यात नवल नाही. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जखमेवर हळद वापरण्याबद्दल अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंटही, हा उपाय भारतात पूर्वापार चालत आला आहे असे भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यावर, १९९७ साली रद्द झाले. धुतलेल्या उथळ जखमेवर हळद लावण्यास हरकत नाही. पण घाणीवर हळद थापली तर घाण आतच राहते. रॉकेल, चुना, तंबाखू यांचा प्रयोग मुळीच करू नये. माणसांकरिता असलेली, कातडी बधिर करणारी मलमेही लावू नयेत.

कोंबडीस कोरड्या, उबदार जागी डालग्याखाली ठेवावे, व जखमेवर माशी बसणार नाही असे झाकावे. पावसाळ्यात एका दिवसात जखमेत किडे पडतात. पाणी जवळ असावे. भिजविलेली भाकरी व थोडे उकडलेले अंडे ती सहज खाते. जखम खोल असेल, मांस उघडे पडले असेल, दुर्गंधी येत असेल किंवा किडे दिसत असतील, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. औषधाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. आणि डॉक्टरांनी औषध दिल्यास, त्या कोंबडीची अंडी किती दिवस खाऊ नयेत हेही त्यांस विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट तपासावी. कळप पुष्कळदा आधीच आजारी असलेल्या कोंबडीवर तुटून पडतो. हगवण, घरघर किंवा मान वाकडी होणे अशी चिन्हे दिसल्यास मानमोडीची शंका घ्यावी. एकाएकी अनेक कोंबड्या मरू लागल्या, तर मेलेल्यांस हात न लावता लागलीच पशुसंवर्धन खात्यास कळवावे.

२. टोचण्याचे कारण

जखम बरी करणे हे अर्धेच काम होय. थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने बालपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि १९२२ साली आपला शोध प्रसिद्ध केला. कळपात प्रत्येक कोंबडीची पायरी ठरलेली असते. वरची खालचीस टोचते, खालची उलट टोचीत नाही. एरवी एका टोचणीने काम भागते; खालची बाजूस सरते व तंटा मिटतो. परंतु जेथे सरावयास जागाच नाही, तेथे एका टोचणीच्या शंभर होतात.

आमच्या खुराड्यात नेमके हेच झाले होते. चौघींपुरत्या जागेत आम्ही सात कोंबड्या कोंडल्या होत्या. पाऊस तीन आठवडे उघडला नव्हता, म्हणून उकिरडा उकरण्याचे त्यांचे कामही बंद होते. भांडे एकच, आणि त्यात तांदळाच्या कणीवाचून दुसरे काही नाही. पिसे बहुतांशी प्रथिनांची बनलेली असतात. खाण्यात ती कमी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसे ओढून खाऊ लागतात. माण किंवा जत तालुक्यांत पाऊस कोंडून ठेवीत नाही. परंतु वैशाखात सावलीचा एकच तुकडा व पाण्याचे एकच मडके असले की तेथेही तोच परिणाम होतो. थोराड कोंबडीच्या चोचीस रक्त होते हे खरे, पण तिला तेथे कोंडले होते आम्हीच.

३. परत कळपात

आता आमची चूक. पंधरा दिवस आम्ही तिला स्वयंपाकघरात ठेवले. जखम भरली, नवी पिसे डोकावू लागली, आणि आनंदाच्या भरात भर दुपारी आम्ही तिला अंगणात सोडले. क्षणभरात सहाही जणी तिच्यावर धावल्या. मुलीने मध्ये पडून तिला उचलले म्हणून ती वाचली. पंधरा दिवस दृष्टीआड राहिल्याने तिची पायरी गेली होती. कळपाच्या लेखी ती परकी झाली होती.

दुसऱ्या वेळी आम्ही येणेप्रमाणे केले. जखम पुरती बुजेपर्यंत तिला अंगणातच, इतरांस दिसेल पण चोच पोहोचणार नाही अशा रीतीने, जाळीआड ठेवले, व जाळीच्या दोन्ही बाजूंस एकाच वेळी दाणे टाकले. प्रथम एका गरीब कोंबडीस तिच्या सोबतीस आत सोडले. थोराड कोंबडीस मात्र काही दिवस दुसरीकडे कोंडले, म्हणजे परत आल्यावर तिलाही आपली जागा नव्याने शोधावी लागावी. नंतर एके रात्री अंधारात तिला इतरांच्या शेजारी दांडीवर बसविले, आणि पहाटे उठून पहारा केला. खुराडे वाढविले, दाण्यापाण्याची भांडी तीन ठिकाणी मांडली, खाण्यात शेंगपेंड व थोडी सुकट घातली, पाला उंच टांगला, आणि कोरड्या जागी राख व माती धुळीत लोळण्याकरिता ठेवली.

ती कोंबडी आज आमच्या अंगणात आहे. कळपात तिची पायरी अजून शेवटचीच. ती बदलणे आमच्या हाती नव्हते. परंतु शेवटच्या पायरीवरच्या कोंबडीसही पोटभर दाणा व पळावयास जागा मिळावी, हे आमच्या हाती होते. दिवाळीच्या सुमारास तिने पुन्हा अंडे घातले, ते मुलीने आम्हांस आणून दाखविले.

घरी विचार करण्याजोगे प्रश्न

१. आपल्या खुराड्यात सर्वांत मागून खाणारी कोंबडी कोणती? तिच्या वाट्यास काय उरते?
२. जखमी कोंबडीस दूर ठेवावे, पण दृष्टीआड करू नये, असे का?
३. टोचणाऱ्या कोंबडीस दोष देण्यापूर्वी खुराड्यात काय काय पाहावे?