वहीचे पान सुटू नये म्हणून

आपण आता वाचायला शिकलो. सही करायला शिकलो. दुधाचा, मजुरीचा, भाजीच्या पाट्यांचा हिशेब आपल्या हाताने लिहू लागलो. ही मोठी गोष्ट झाली. पण लिहिले म्हणजे काम संपले का? नाही. लिहिलेले टिकले पाहिजे. वही टिकली, तरच लिहिलेले टिकणार. म्हणून या पाठात आपण वहीची माहिती घेऊ. वही कशी बांधतात, तिची पाने का सुटतात आणि ती सुटू नयेत म्हणून काय करावे, ते पाहू.

जुलैचे पान

विरारच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या एका गावात बारा बायकांचा बचत गट आहे. दर महिन्याला प्रत्येकीने शंभर रुपये द्यायचे. रक्कम वहीत मांडायची. नावापुढे सही करायची. मग पैसे बँकेत भरायचे. गटासाठी स्टेशनाजवळच्या दुकानातून एक वही आणली होती. चकचकीत कव्हर, बाजूला तारेचे वेटोळे. उघडली की सपाट पडे. सगळ्यांना ती आवडली.

पावसाळा आला. वही कधी ओल्या पिशवीत राही, कधी चुलीजवळच्या फळीवर. तार गंजली. कागदाची कड तांबडी झाली. छिद्रे फाटली. दिवाळीआधी बायका हिशेब काढायला बसल्या, तर जुलैचे पान वहीत नव्हते.

गटात एक मावशी आहे. स्वभावाने गरीब, बोलणे कमी. तिला कोणीतरी विचारले, "मावशी, जुलैचे पैसे तुम्ही दिले होते का? मला काही आठवत नाही."

"दिले ना! सहीसुद्धा केली."

"वहीत तर दिसत नाही."

"पानच नाही, तर दिसणार कसं?"

शब्दाने शब्द वाढला. मावशी उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती आमच्या वर्गालाही आली नाही.

मग गटाच्या चिटणीस ताईंनी बँकेचे पासबुक काढले. जुलै महिन्यात १,२०० रुपये जमा होते. बारा जणी, प्रत्येकी शंभर. बारा गुणिले शंभर म्हणजे बाराशे. कोणाचेच पैसे बाकी नव्हते! ताई स्वतः मावशीच्या दारी गेल्या. "चुकलं आमचं," म्हणाल्या.

पैशांचा उलगडा झाला. मावशी पुन्हा वर्गाला येऊ लागली. पण एके दिवशी ती आम्हांला म्हणाली, "शंभर रुपयांचं काही नाही हो. त्या पानावर मी पहिल्यांदा सही केली होती. त्याआधी अंगठाच देत होते."

ते पान काही मिळाले नाही.

बांधले, तो ग्रंथ

पान सुटणे ही आजची गोष्ट नाही. वसईजवळचे सोपारे हे फार जुने बंदर. सुमारे २,२५० वर्षांपूर्वी सम्राट अशोकाने तेथे आपल्या आज्ञा दगडावर कोरवल्या. गुजरातेत गिरनारला अशा चौदा आज्ञा एकाच खडकावर आहेत. सोपाऱ्याला तसे राहिले नाही. आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्या आज्ञेचा तुकडा १९५६ साली किनाऱ्याजवळच्या भुईगावात मिळाला. दगडाचीसुद्धा पाने सुटी होतात. मग कागदाची काय कथा!

पान सुटू नये, म्हणून माणसाने नाना युक्त्या केल्या. पूर्वी ताडाच्या पानांवर लिहीत. पानांना छिद्र पाडून त्यातून दोरी ओवीत. 'ग्रंथ' या शब्दाचा मूळ अर्थच 'गुंफलेले, बांधलेले' असा आहे. पोथीची पाने सुटीच असतात. ती दोन फळ्यांमध्ये ठेवून वर कापड बांधतात. पेशव्यांच्या दफ्तरातले मोडी कागद असेच कापडात बांधून ठेवले आहेत. अशा गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. व्यापाऱ्याची लाल कापडाची चोपडी आपण पाहिली असेल. लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होते. ती मधोमध जाड दोऱ्याने शिवलेली असते. शिवण पक्की, म्हणून हिशेब पक्का.

स्पायरल म्हणजे काय?

तारेच्या वेटोळ्याच्या वह्या त्या मानाने नव्या. परदेशात त्या १९३० नंतरच्या दहा वर्षांत बाजारात आल्या. आज झेरॉक्सच्या दुकानातही पाच-दहा मिनिटांत स्पायरल करून मिळते. सुट्या कागदांच्या एका कडेला यंत्राने ओळीने छिद्रे पाडतात. मग तारेचे किंवा प्लॅस्टिकचे वेटोळे मळसूत्रासारखे फिरवत त्या छिद्रांतून घालतात. झाली वही.

हिचे गुण पुष्कळ. ती सपाट उघडते. पाने पूर्ण मागे दुमडता येतात. उभ्याने, हातावर धरून लिहिता येते. सुटे कागद लगेच बांधता येतात.

पण दोषही आहेत. छिद्र आणि कागदाची कड यांच्यामध्ये कागदाची अगदी बारीक पट्टी उरते. पानाचा सारा ताण त्या पट्टीवर येतो. पान ओढले की पट्टी फाटते. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा. मिठागरांजवळ खिळे, कड्या, पत्रे लवकर गंजतात, हे आपण रोज पाहतो. तारही तशीच गंजते. प्लॅस्टिक गंजत नाही, पण वजनाखाली चेपते आणि उन्हात राहून तडकते.

स्पायरल वही जास्त कशी टिकेल?

दुकानात स्पायरल करायला गेलात, तर एवढे सांगा आणि पाहा :

१. पावसाळी गावात तारेपेक्षा प्लॅस्टिकचे वेटोळे बरे.

२. छिद्रे कडेला फार चिकटून नकोत. मध्ये निदान ३-४ मिलिमीटर कागद राहू द्या.

३. एका वेळी थोडेच कागद यंत्रात घालायला सांगा. सगळा गठ्ठा एकदम दाबला, तर छिद्रे वाकडी पडतात आणि पाने अडकतात.

४. वेटोळे कागदांच्या गठ्ठ्याहून मोठे हवे. गठ्ठा ९ मिलिमीटर जाड असेल, तर वेटोळे १२ मिलिमीटरचे घ्या. तंग वेटोळ्यात पान वळत नाही, ते फाटते.

५. वेटोळ्याची दोन्ही टोके आत वळवून घ्या. सुटे टोक साडीत अडकते, मुलाच्या बोटाला लागते आणि वेटोळे हळूहळू बाहेर येते.

६. पुढे-मागे जाड पुठ्ठा घाला. प्लॅस्टिकचा पातळ कागद वहीला आधार देत नाही.

घरी वापरताना पान कडेच्या कोपऱ्याला धरून उलटा. मध्ये ओढू नका. वहीवर डबे रचू नका. पावसाळ्यात वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, पण आधी ती कोरडी आहे ना, ते पाहा. ओली वही पिशवीत बांधली, तर बुरशी येते.

छिद्रे फाटली, तर पानाच्या कडेला पातळ सुती कापडाची पट्टी फेविकॉलने चिकटवा. ती पूर्ण वाळू द्या. मग त्याच जागी पुन्हा छिद्रे पाडा. सेलोटेप लावू नका. तो काही दिवसांनी पिवळा पडतो आणि पाने एकमेकांना चिकटतात. पिठाची खळ स्वस्त खरी, पण तिला झुरळे आणि कसर लागते. म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विष आहे. घरात लहान मुले असताना तो उद्योग करू नये.

हिशेबाला शिवलेली वही

एवढे करूनही स्पायरल वहीत एक उणीव राहतेच. तिचे प्रत्येक पान एकटे असते. एक पान फाडले, तर मागे खूण उरत नाही. वेटोळे काढून दुसरे पान घातले, तरी कळत नाही. म्हणून कच्च्या टिपणाला, मुलांच्या अभ्यासाला स्पायरल चालेल. दहा जणांच्या पैशांच्या हिशेबाला शिवलेलीच वही घ्यावी.

शिवलेल्या वहीत पानांची जोडी असते. १२ ताव घ्या. ते मधोमध दुमडा. २४ पाने झाली, म्हणजे ४८ पृष्ठे. आता सर्वांत बाहेरचा ताव पाहा. त्याच्यावर पहिले आणि दुसरे पृष्ठ आहे, तसेच ४७ वे आणि ४८ वेही आहे. कोणी पहिले पान फाडले, तर शेवटचे पान मोकळे होते. चोरी लपत नाही!

अशी वही घरी शिवता येते. कशी, ते पाहा :

१. दुमडलेल्या तावांच्या बाहेरून जाड कागदाचे कव्हर घाला. मधली घडी उघडा.

२. घडीवर तीन खुणा करा. एक मधोमध. बाकीच्या दोन वरच्या व खालच्या टोकापासून दोन-दोन बोटे आत. दाभणाने तिन्ही ठिकाणी आरपार छिद्रे पाडा.

३. वहीच्या उंचीच्या अडीचपट मजबूत सुती दोरा घ्या. तो मेणबत्तीवर घासा. मेणाने दोरा ओल कमी धरतो आणि गाठ घट्ट बसते.

४. सुई आतून मधल्या छिद्रातून बाहेर काढा. आत चार बोटे दोरा राहू द्या. सुई बाहेरून वरच्या छिद्रात घाला. आतून थेट खालच्या छिद्रापर्यंत आणा आणि बाहेर काढा. पुन्हा बाहेरून मधल्या छिद्रात घाला.

५. आता दोऱ्याची दोन्ही टोके आत मधोमध आली. एक टोक लांब टाक्याच्या उजवीकडे, दुसरे डावीकडे ठेवा. दोरा ताणा. लांब टाक्यावर दोन गाठी मारा.

जाड पुस्तकात असे अनेक जुडगे एकमेकांना शिवतात. त्या बांधणीला जुजबंदी म्हणतात.

वही झाली की लिहिण्याआधी सर्व पृष्ठांना १ ते ४८ आकडे घाला. पहिल्या पृष्ठावर लिहा : 'या वहीत १ ते ४८ पृष्ठे आहेत.' खाली अध्यक्ष व चिटणीस यांनी सह्या कराव्यात. चूक झाली, तर पान फाडू नका. चुकीवर एकच रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा आणि सही करा. आणि दर महिन्याला वहीची बेरीज पासबुकाशी ताडून पाहा.

एका बाइंडरची गोष्ट

वही बांधणे हे काम हलके समजू नका. इंग्लंडात लोहाराचा एक मुलगा होता, मायकेल फॅरेडे. शाळा त्याला फारशी मिळाली नाही. १८०५ साली, चौदाव्या वर्षी, तो लंडनमधल्या एका बाइंडरकडे उमेदवारीला लागला. दिवसा पुस्तके बांधायची आणि सवड मिळाली की तीच वाचायची! १८१२ साली त्याने डेव्ही नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली. ऐकलेले नीट लिहून काढले. ते कागद स्वतः बांधले आणि डेव्हीकडे पाठवले. पुढच्या वर्षी डेव्हीने त्याला आपल्या प्रयोगशाळेत कामाला घेतले. चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यातून वीज कशी निघते, हे याच फॅरेडेने १८३१ साली दाखवले. आज आपल्या घरी दिवा लागतो, त्यात त्याचा वाटा आहे.

मावशीची वही

बचत गटाने नवी वही विकत आणली नाही. बारा ताव आणले. "शिवणार कोण?" असा प्रश्न निघाला. मावशी म्हणाली, "आणा इकडे. जन्मभर गोधड्या शिवल्या, ही काय मोठी गोष्ट?"

आम्ही वही पाहिली. टाके सरळ, गाठ पक्की. पहिल्या पृष्ठावर अध्यक्षांची सही, चिटणीस ताईंची सही. दुसऱ्या पृष्ठावर बारा नावे. मावशीच्या नावापुढे मावशीची सही आहे. अक्षर थोडे तिरके आहे, पण स्वच्छ वाचता येते.

प्रश्न

१. जुलैचे पैसे सर्वांनी दिले होते, हे कशावरून कळले?

२. स्पायरल वहीचे दोन गुण आणि दोन दोष सांगा.

३. ४८ पृष्ठांच्या शिवलेल्या वहीत पृष्ठ ३ आणि ४ ज्या तावावर आहेत, त्याच तावावर दुसरी कोणती दोन पृष्ठे येतील? वही उघडून पाहा.

करून पाहा

चार ताव घेऊन एक लहान वही शिवा. तिला आकडे घाला. पहिल्या पृष्ठावर आपले नाव, गाव आणि आजची तारीख लिहा. खाली सही करा.