तळाला हात लावण्याआधी वजनकाटा

बावीस ऑफला वेक गुडघ्यांत बसते म्हणून तू बोटीचा तळ घासायच्या विचारात आहेस, असं ताई फोनवर म्हणाली. पॉलिशपेपर खाली ठेव. तळाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, आणि तोही भर घालायला, घासायला नव्हे. विंटर हेवनच्या आसपासच्या तळ्यांवर जुन्या स्की बोटी दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. ‘तळ बिघडलाय’ म्हणून दारात आलेल्या बहुतेक बोटींचा तळ ठणठणीत असायचा.

ताई हे वाचणारच, म्हणून थोडं तिच्यासाठी. ताई, बोट सरळ रेषेत जाते. तुझा लेक तिच्यामागे एकाच स्कीवर उभा राहून 259 मीटरच्या पट्ट्यात सहा बोयांना वळसे घालतो. बोये मध्यरेषेपासून साडेअकरा मीटरवर, एक या अंगाला, पुढचा त्या अंगाला. म्हणजे दर वळशानंतर त्याला बोटीमागची लाट, म्हणजे वेक, आडवी कापावी लागते, आणि ती कापताना तो बोटीपेक्षा बराच जास्त वेगात असतो. दोरी 75 फुटांची धरतात. तिच्यातून जितके फूट कमी केले तितके ‘ऑफ’. पंधरा ऑफला सव्वाअठरा मीटर उरते, बावीस ऑफला सोळा. पोरगा रात्री बडबडतो ते आकडे हेच. काळजीचं काही नाही.

आता तुझ्यासाठी. तळ पाणी खाली दाबतो, बोट पुढे सरकली की मागे खळगा उरतो, आणि तो भरायला धावलेलं पाणी दोन्ही अंगांनी उसळतं. बोट जितकी जड आणि जितकी मागून बसलेली, तितका खळगा खोल आणि कड उंच. वेग वाढला की खळगा लांबतो, उथळ होतो. म्हणून ताशी 28 मैलांना टणक लागणारी वेक 36 ला जाणवतही नाही. दोरी आखूड केलीस की त्याच लाटेचा निराळा तुकडा तुझ्या वाट्याला येतो. बावीस ऑफचा उंचवटा पुष्कळ बोटींना असतो, तुझ्या एकट्याच्या बोटीवर कुणी करणी केलेली नाही.

तेव्हा पहिलं काम वजन. हायवेवर ट्रकचे काटे असतात, तिथे ट्रेलरसकट बोट ने. मग बोट पाण्यात सोडून रिकामा ट्रेलर ने. फरकातून पेट्रोल आणि सामान वजा कर आणि उरलेला आकडा कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकातल्या कोरड्या वजनाशी ताडून बघ. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कित्येक बोटींत फरशीखाली फोम ठासलेला असतो आणि आत लाकडी स्ट्रिंगर, म्हणजे तळाला लांबीने आधार देणाऱ्या तुळया. हा फोम वर्षानुवर्षं पाणी पितो, लाकूड कुजतं, बोट शेकडो पौंडांनी जड होते, आणि वरून रंग मात्र लखलखीत. शंका आली तर मागच्या बाजूला, स्ट्रिंगर सोडून, फरशीत एक भोक पाड. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोली आधी बांधून घे, नाहीतर खालून तळं दिसेल. निघालेला फोम बोटांत पीळ. पाणी आलं, तर तुझं खरं काम फरशी उघडणं हे आहे. भिजलेल्या बोटीचा तळ सुधारायला निघालेली माणसं मी खूप पाहिली. पैसेवाली होती, इतकंच त्यांच्याबद्दल चांगलं बोलता येईल.

वजन ठीक निघालं, तर ते कुठे बसलंय ते बघ. पेट्रोल गॅलनला साधारण सहा पौंड भरतं. तीस गॅलनची टाकी भरलीस की 180 पौंड झाले, आणि या मधल्या इंजिनाच्या बोटींत टाकी बहुधा मागेच असते. सरावाला अर्ध्या टाकीने जा. नांगर, बॅटऱ्या, जादा दोऱ्या, थंड पेयांचा डबा, सगळं मागून पुढे आण किंवा तळ्याच्या काठावर ठेव.

मग डावं-उजवं. एका बाजूची वेक मऊ आणि दुसरीकडची टणक लागते, ही तक्रार निम्म्या वेळा पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची असते. मागून पाहताना प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर बोट डाव्या अंगाला कलायला बघते, आणि चालक उजवीकडे बसलेला असल्याने ते बरंचसं सावरतं. उलटा फिरणारा पंखा असेल तर बोट उजवीकडे कलते, आणि त्याच बाजूला चालकही बसलेला. अशा बोटीत निरीक्षकाला, म्हणजे तुझ्यावर नजर ठेवणाऱ्याला, डावीकडे बसव. तेवढ्याने भागलं नाही, तर डावीकडे शिशाच्या पिशव्या ठेव, पण त्या घट्ट बांध. वळणावर मोकळी पिशवी घसरून कुणाच्या पायावर आली, तर वेकची चर्चा तिथेच संपते.

हे सगळं करताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. बोटीच्या फरशीवर डिजिटल कोनमापक चिकटव. 34 मैलांचा वेग धर, माणसं त्याच जागांवर बसव, आणि पुढे-मागे किती अंश, आडवे किती अंश, हे वहीत लिही. काठावरून पाण्यालगत फोन धरून चित्रीकरणही करून ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदललीस तर कशाने काय झालं, हे तुला कोणी सांगू शकणार नाही, मीसुद्धा नाही.

आता ट्रेलर. ज्या गादीच्या लाकडांवर बोट टेकते ती ट्रान्समपर्यंत, म्हणजे मागच्या फळीपर्यंत, पोचतात का ते बघ. अलीकडेच थांबत असतील, तर तळाचा मागचा भाग वर्षानुवर्षं अधांतरी लोंबतो आणि कायमचा खाली झुकतो. तळाला सरळ पट्टी लावलीस की शेवटच्या चार-पाच फुटांत पट्टी आणि तळ यांमध्ये उजेड दिसतो. याला हूक म्हणतात. उलट, मधे टेकून टोकांना उजेड दिसला तर रॉकर. हूक बोटीची मागची बाजू उचलतो आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली दाबतो, वेक बसकी होते. पण नाळ पाण्यात रुतली की बोट नाकाने वळायला लागते, रेषेत राहात नाही, आणि पाण्याचे तुषार अधिक पुढून उडतात. आखूड दोरीवर तू जवळजवळ बोटीच्या बाजूला येतोस, तेव्हा ते थेट तोंडावर. रॉकर याच्या बरोबर उलट वागतो. म्हणून ‘हूक वाईट’ किंवा ‘हूक चांगला’ असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तो सारखा आहे ना, एवढं मात्र नक्की तपास.

तळाचं खरं दुखणं असलंच, तर ते बहुतेक वेळा शेवटच्या कडेत असतं. चहाच्या पातेल्याचा काठ गोल असला की धार काठाला चिकटून खालून ओघळते, काठ धारदार असला की सुटून पडते. तळ आणि ट्रान्सम जिथे मिळतात त्या कोपऱ्याचंही तसंच. तिथे गोलाई आली की पाणी वर ट्रान्समला बिलगतं, मागची बाजू खाली ओढतं आणि वेक फेसाळ, खडबडीत होते. साच्यातून बोट सुटावी म्हणून थोडी गोलाई मुळातच असते, वर ट्रेलरचे आणि धक्क्याचे ठोके. एक नाणं कडेवर फिरवून बघ, कुठे झिजलंय ते बोटांना लगेच कळेल.

कड भरायची ती अशी. ट्रान्समला सरळ फळी क्लॅम्पने आवळ, फळीला पॅकिंगची टेप लाव म्हणजे ती चिकटणार नाही. कडेवरचं जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, खरवडून, ॲसिटोनने पुसून, सिलिका घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भर. वाळल्यावर वर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने धुऊन काढ, मग लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून घास. नुसत्या हाताने घासलंस की पुन्हा गोलाई येते. एक लक्षात ठेव, इपॉक्सीवर पॉलिएस्टरचं जेलकोट नीट धरत नाही. वरून जेलकोटच हवं असेल, तर भराव व्हिनाइलएस्टरचा घे. आणि धारदार कडेने पोहणाऱ्याची नडगी सोलते, तेव्हा पोरांना शिडीवरूनच चढव.

तुझ्या मनात होतं ते घासणं का नको, ते आता कळेल. जेलकोटचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. तळाचा आकार बदलण्याइतकं घासलंस की खालचं कापड उघडं पडतं आणि पाणी आत शिरायला वाट मिळते.

कडेनेही भागलं नाही, तर ट्रान्समच्या खालच्या काठाशी मध्यभागी एक सपाट ॲल्युमिनियमची पट्टी उभी लाव, स्क्रूंसाठी लांबट भोकं असलेली, म्हणजे वरखाली सरकवता येते. काठाखाली ती एक मिलिमीटर बाहेर आली तरी कोनमापकावर फरक दिसतो. एवढ्याशा अडथळ्यापुढे पाण्याचा दाब वाढतो आणि मागची बाजू वर उचलली जाते. पूर्ण वर घेतलीस की बोट पूर्वीसारखी. कायमचा हूक बांधायचा का, हे पट्टीवर खेळून ठरव. पंधरा, बावीस, अठ्ठावीस, तिन्ही ऑफला बघ, कारण बावीसचा उंचवटा घालवताना पंधराची वेक टणक होऊन बसते, असं होतं. तू आठवड्याभरात सगळ्यात जास्त कुठल्या दोरीवर असतोस, त्या दोरीची बाजू घे.

तळाला किंवा ट्रान्समला असं काही केलं, तर क्लबच्या स्पर्धेला बोट देण्याआधी तांत्रिक नियंत्रकाला सांग. मान्यता मिळते ती कंपनीतून आली तशा बोटीला.

शेवटचं, त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचे स्क्रू ट्रान्सममध्ये सरळ मारू नकोस, आत प्लायवूड असतं. मोठं भोक पाड, इपॉक्सीने बुजव, मग त्याच्या मधोमध स्क्रूचं भोक पाड. पट्टीखाली सिलिकॉन लावायला कुणी सांगेल, त्याचं ऐकू नकोस. सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागी पुढे रंग, इपॉक्सी काहीच धरत नाही. बोटीसाठी मिळतं ते पॉलियुरेथेनचं सीलंट घे, पांढरं.