मोआबचा कातळ आणि ब्रेकवरचं एक बोट

अमेरिकेतल्या युटा राज्यात कोलोरॅडो नदीकाठी मोआब नावाचं छोटं गाव आहे. १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांनी भोवतालच्या लाल डोंगरांत जीपचे कच्चे रस्ते पाडले. युरेनियमची चलती ओसरली आणि पुढे त्याच रस्त्यांवर माउंटन बाइकवाले आले. आर्चेस राष्ट्रीय उद्यान बघायला जाणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या वाटेतच हे गाव आहे आणि सायकल तिथे भाड्यानंही मिळते. मोह होणारच.

तिथल्या वालुकाश्माला म्हणतात स्लिकरॉक, म्हणजे निसरडा खडक. हे नाव पडलं घोड्यांमुळे. लोखंडी नाल या दगडावर सरकायचे. रबरी टायर मात्र पॉलिशपेपरवर ठेवल्यासारखा धरून राहतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या सह्याद्रीच्या कातळावर आपटलेल्या माणसाला हे आधी खोटंच वाटतं. मग तो एक उतार उतरतो, दुसरा उतरतो, आणि दहा मिनिटांत आपण पट्टीचे सायकलस्वार आहोत अशी त्याची खात्री पटते.

घात होतो तो इथेच. उतार संपतो तिथल्या खोलगटात भुसभुशीत वाळू साचलेली असते. वेगात आलेलं पुढचं चाक तिच्यात रुततं, सायकल थांबते, स्वार थांबत नाही.

म्हणून उतरण्याची रीत आधी अंगात मुरवायला हवी. सीट खाली करावी, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून त्यांवर उभं राहावं, कंबर मागे न्यावी, कोपर वाकलेले असावेत. ब्रेकवर दोन्ही हातांचं एकेक बोट पुरतं. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण तो दाबायचा हळूहळू, आणि पायरी किंवा वाळू येण्याच्या आधी. पायरीवरून चाक खाली जात असताना पुढचा ब्रेक आवळला की कोलांटी ठरलेली. नजर चाकापुढच्या दगडावर नको, चार-पाच मीटर पुढे हवी.

सरावासाठी स्लिकरॉक बाइक ट्रेल आहे. १९६९ मध्ये ती मोटरसायकलींसाठी आखली गेली. जेमतेम १७ किलोमीटरची फेरी, वाट दाखवायला कातळावर रंगवलेले पांढरे पट्टे. आकडा बघून फसू नये. चढ-उतार इतके उभे आहेत की अर्धा दिवस सहज जातो. शेजारी छोटी सरावफेरीही आहे, पण लहान म्हणजे सोपी नव्हे.

पुढची पायरी म्हणजे ‘होल एंचिलाडा’. ला साल पर्वतातल्या बरो पासपासून, म्हणजे सुमारे ३,४०० मीटर उंचीवरून, ही वाट थेट कोलोरॅडोच्या काठी उतरते. उतार दोन हजार मीटरहून जास्त. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर, यावरून काय ते समजा. वर पर्वतात सायकलींसकट पोहोचवणाऱ्या गाड्या गावातून सुटतात. वर अस्पेनची झाडं आणि गारठा, खाली भट्टी. वरचा बर्फ कधी कधी जूनअखेरपर्यंत हटत नाही, तेव्हा गाडी कुठवर जाते हे आदल्या दिवशी विचारावं. शेवटचा पॉर्क्युपाइन रिमचा टप्पा दगडी पायऱ्यांचा आहे. हात आखडलेले असतात, लक्ष उडालेलं असतं आणि बाजूला दरी असते.

पोर्टल ट्रेलची गोष्ट वेगळी. नदीवरच्या कड्याच्या पोटातून जाणारी ही अरुंद वाट, आणि डावं-उजवं चुकायला जागाच नाही. आपले ट्रेकर ज्याला दृष्टिभय म्हणतात ते इथे पुरेपूर. सायकलस्वारांचे जीव इथे गेले आहेत आणि खाली उतरून चालण्याची सूचना वाटेवरच लावलेली आहे. ती पाळावी. कसलेले स्वारही त्या पट्ट्यात सायकल ढकलत नेण्यात काही गमावत नाहीत.

जुलैत मोआबचा पारा ३७ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हेच दिवस बरे. पाणी माणशी किमान चार लिटर. वाटेत मिळेल या भरवशावर निघू नये. उन्हाळी वादळ दिसलं तर कोरड्या ओढ्यांपासून दूर राहावं, कारण लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक येतो. मोबाइलची रेंज दऱ्यांमध्ये जाते, म्हणून परतीची वेळ कुणाला तरी सांगून ठेवावी. हेल्मेटसोबत गुडघ्याचे पॅड, जास्तीची ट्यूब आणि पंप घ्यावा. काटे टायर सोडत नाहीत.

आणखी एक. वाटेच्या कडेला काळपट, खरबरीत मातीचा थर दिसतो. तो जिवंत आहे, सूक्ष्म जिवांनी बांधलेला. त्यावरून एकदा चाक गेलं की तो सावरायला कित्येक वर्षं लागतात. फोटोसाठीसुद्धा वाट सोडू नका.

पॉर्क्युपाइन रिम शेवटी नदीकाठच्या १२८ क्रमांकाच्या महामार्गावर येते आणि तिथून गाव काही मैलांवर राहतं. दरीत ऊन लवकर सरतं, तेव्हा निघतानाच सॅकमध्ये दिवा टाका.