छोटी पेटी, मोठी किंमत : दुकानासाठी घ्यावी का?

व्यापारी बंधूंनो, कापड घेताना आपण सूत आणि पन्हा आधी पाहतो, शिक्का मागाहून. संगणक घेताना मात्र उलटे होते.

ॲपल कंपनीचा ‘मॅक मिनी’ घ्या. 2005 साली आलेली ही पेटी 2024 च्या नमुन्यात अवघी 5 इंच लांब-रुंद झाली. 16 जीबी मेमरी, 256 जीबी साठवण आणि भारतातील तेव्हाचा भाव 59,900 रुपये. त्यात मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माऊसही नाही. म्हणजे कापड घेतले, शिलाई वेगळी!

माल खोटा नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. त्यातील एम-4 चिप वेगवान आहे, वीज कमी खाते आणि आवाज जवळजवळ नाहीच. डिझाइन किंवा व्हिडिओचे काम करणाऱ्याचे पैसे वसूल होतात.

मेख पुढे आहे. साठवण 512 जीबी हवी तर सरळ 20,000 रुपये जादा. तेवढी सुटी एसएसडी तेव्हा बाजारात याच्या चौथाईत मिळत होती. मेमरी तर नंतर वाढवताच येत नाही. जी घेतली ती घेतली.

शिवाय आपले सारे हिशेब टॅलीत. टॅली विंडोजवरची, मॅकवर ती थेट चालत नाही, मध्ये आणखी एक सॉफ्टवेअर बसवावे लागते.

माझ्या गल्ल्यावर विंडोजचा मोठा डबा आहे. जागा अडवतो, पण मेमरी कमी पडली तेव्हा नवी पट्टी लावून काम भागले. मुलाने साडीच्या डिझाइनसाठी मिनी मागितला तर घेऊन देईन. बिले फाडायला नाही.