सोनोग्राफीत दिसलं नाही, तरी मुलाला ठेवून का घेतलं?

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाचं पोट दुखत होतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि त्याला चक्क एका पायावर उडी मारायला लावली. सोनोग्राफीत ‘अपेंडिक्स दिसले नाही’ असं आलं, तरी त्याला रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी बरं वाटल्यावर घरी सोडलं. मग ठेवून घेण्याची गरज होती का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : होती. ते थांबणं ही तपासणीच होती.

आधी उडीचं सांगतो. अपेंडिक्सची सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचली की ते अस्तर कमालीचं हळवं होतं. पाय जमिनीवर आदळला की हिसका बसतो आणि मूल उजवीकडचं ओटीपोट धरून जागीच थांबतं. ‘कुठं दुखतंय?’ असं विचारलं तर बरीच लहान मुलं बेंबीवरच बोट ठेवतात, आजार कुठलाही असो. म्हणून जाणता डॉक्टर पोट दाबताना मुलाच्या चेहऱ्याकडे बघतो. दवाखान्यात येताना गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा ते कळवळलं का, हेही विचारतो.

दुसरी खूण दुखण्याच्या प्रवासाची. ते बहुधा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं. बेंबी आणि उजवीकडचं कमरेचं पुढचं हाड यांच्यामधल्या रेषेवर, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर, सगळ्यात जास्त दुखतं, हे न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये नोंदवलं. उलटी सहसा दुखण्यानंतर येते. पाच वर्षांखालची मुलं मात्र हा क्रम बऱ्याचदा पाळत नाहीत. त्यांना जुलाबही होतात, आणि निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेलं असण्याचं प्रमाण त्यांच्यात फार मोठं आहे.

मदन सॅम्युएल यांनी 2002 मध्ये मुलांसाठी 10 गुणांचा एक तक्ता मांडला. उडी मारताना, खोकताना किंवा टिचकी मारल्यावर दुखणं याला 2 गुण, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणं याला 2. दुखणं सरकणं, भूक मरणं, मळमळ किंवा उलटी, ताप यांना एकेक. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना मिळून 2. म्हणजे 8 गुण बोलण्यातून, हातांतून आणि थर्मामीटरमधून येतात. मला हा तक्ता त्यासाठीच मोलाचा वाटतो.

सोनोग्राफीत अपेंडिक्स 6 मिलिमीटरपेक्षा जाड आणि दाबूनही न चेपणारं दिसलं तर संशय बळावतो. पण आतड्यातला वायू आड आला किंवा ते आतड्यामागे दडलं असलं तर दिसतच नाही. ‘दिसले नाही’ म्हणजे ‘आजार नाही’ असा अर्थ काढू नये. सीटी स्कॅनमध्ये जास्त स्पष्ट दिसतं, पण त्यात किरणोत्सर्ग असतो, म्हणून मुलांत आधी सोनोग्राफी.

अशा वेळी दर काही तासांनी, शक्यतो त्याच डॉक्टरांनी, पुन्हा पोट तपासायचं. अपेंडिक्सचा आजार तासागणिक वाढत जातो. सर्दीतापानंतर आतड्यांजवळच्या गाठी सुजल्या असतील किंवा बद्धकोष्ठ असेल, तर दुखणं बहुधा ओसरतं. तुमच्या मुलाचं तसंच झालं असावं.

पोट दुखतं म्हणून फक्त पोटच तपासूनही भागत नाही. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया हुबेहूब पोटदुखीसारखा येतो. मुलग्यांमध्ये वृषणाला पीळ पडला तरी पोटातच दुखतं, आणि मूल लाजेने बोलत नाही. तिथे हातात काही तासच असतात. म्हणून डॉक्टर चड्डी उतरवायला सांगतात तेव्हा संकोच करू नका.

घरी एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊ नका. वेदनाशामकाने आजार झाकला जातो ही जुनी भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही, त्यामुळे दवाखान्यात ते दिलं तर घाबरू नका. आधी काय झालं आणि मग काय, हे वेळेसकट लिहून न्या. आणि दुखणं एकाएकी थांबलं, पण मूल मलूल आहे, ताप चढतोय, पोट फुगतंय, तर अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं. तेव्हा सकाळची वाट न बघता त्याच रात्री निघा.