कथालेखनाचा पाठ : आपल्या मातीतील लेखकांच्या आधाराने
(इयत्ता ५ वी ते ७ वी)



मराठीच्या वह्या तपासताना एक अनुभव आपणा सर्वांस येतो. 'माझी सहल' या विषयावर चाळीस मुले लिहितात आणि चाळीसही वह्यांत तोच सूर्योदय, तीच हिरवी झाडी व तोच 'आनंदाला पारावार उरला नाही' हा शेवट आढळतो. ज्या मुलाने सबंध उन्हाळा मेंढरांमागे काढला, त्याच्याही वहीत समुद्रकिनारा असतो. मुलांजवळ सांगण्यासारखे काही नाही, असा याचा अर्थ नव्हे. आपल्या जगण्यातले काही कागदावर उतरविण्याच्या योग्यतेचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगणे हा या पाठाचा हेतू आहे.

या पाठास आपला मुलूखच का?

सातारा व सांगली हे जिल्हे पूर्वी बव्हंशी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या मुलखाने मराठी कथेला मोठी देणगी दिली आहे. लेखक म्हणजे कोणी दूर शहरातील असामान्य व्यक्ती, ही मुलांची समजूत असते. आपल्याच तालुक्यातील नावे ऐकली की ती समजूत दूर होते. म्हणून प्रारंभी पुढील लेखकांचा थोडक्यात परिचय करून द्यावा आणि प्रत्येकाकडून कथालेखनाचे एक सूत्र घ्यावे.

१. व्यंकटेश माडगूळकर (जन्म १९२७, माडगुळे, आज तालुका आटपाडी). सूत्र : आधी पाहावे, मग लिहावे. माडगूळकर चित्रेही काढीत. माणसाची चाल, बसण्याची तऱ्हा, हातातील काठी हे सारे त्यांच्या लेखनात दिसते. 'माणदेशी माणसे' १९४९ साली व 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आले. 'बनगरवाडी'चा निवेदक औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर रुजू झालेला तरुण प्राथमिक शिक्षक आहे. मुले गोळा करणे, गावाचा विश्वास मिळविणे, गावकऱ्यांच्या श्रमाने तालीम उभी करणे आणि शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडताना पाहणे, ही त्याची कहाणी. आपल्या पेशावरील ही कादंबरी प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावी.

२. अण्णा भाऊ साठे (जन्म १९२०, वाटेगाव, तालुका वाळवा). सूत्र : कानाने ऐकलेले कधी विसरू नये. शाळेचा लाभ त्यांना अगदी थोडा मिळाला. पोवाडा, लावणी, तमाशा आणि गावात सांगितल्या जाणाऱ्या हकीकती हीच त्यांची शाळा. 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली.

३. शंकरराव खरात (जन्म १९२१, आटपाडी). सूत्र : लिहिण्यास अयोग्य असे कोणाचेच जगणे नसते. महारकीचे काम करणाऱ्या घरातील अनुभव त्यांनी 'तराळ-अंतराळ' या आत्मचरित्रात मांडले. पुढे ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

४. वि. स. खांडेकर (जन्म १८९८, सांगली). सूत्र : थोडक्यात सांगावे. १९२० पासून अठरा वर्षे ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या रूपककथा आकाराने लहान आहेत, परंतु वाचून झाल्यावर मनात दीर्घकाळ रेंगाळतात. १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला.

या चौघांच्या जोडीला साने गुरुजींचे स्मरण ठेवावे. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिची मांडणी रात्रीची आहे : आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री त्या पुस्तकात आहेत. कथा आधी सांगितली जाते व मग लिहिली जाते, हा धडा त्यातून घ्यावा.

पाठाची मांडणी (चार तासिका)

पहिली तासिका : सांगणे. वह्या मिटलेल्या असाव्यात. मुलांना गोलाकार बसवून शिक्षकाने प्रथम स्वतःच्या लहानपणीची एक खरी हकीकत सांगावी. ती पराक्रमाची नसावी. फजितीची किंवा चुकीची असावी. गुरुजींची फजिती ऐकली की मुलांची भीड मोडते. मग इच्छा असेल त्यानेच सांगावे.

दुसरी तासिका : प्रश्न विचारणे. हा या पाठाचा गाभा होय. मूल एकाच वाक्यात गोष्ट संपविते. ते वाक्य उलगडण्याचे काम प्रश्नांचे. नमुन्यादाखल पुढील संभाषण पाहावे.

मुलगा : आमची शेळी विकली.
शिक्षक : कोठे विकली?
मुलगा : आटपाडीच्या बाजारात.
शिक्षक : घरून निघताना तिचे दावे कोणी सोडले?
मुलगा : आबांनी.
शिक्षक : तू त्या वेळी कोठे होतास?
मुलगा : कणगीमागं.
शिक्षक : आई काय करीत होती?
मुलगा : भाकरी थापत हुती. वर बघितलं न्हाई तिनं.
शिक्षक : संध्याकाळी दावणीजवळ काय होते?
मुलगा : दावं तसंच हुतं. करडू रातभर वरडत हुतं.

येथे कथा पूर्ण झाली. 'तुला वाईट वाटले काय?' हा प्रश्न शिक्षकाने विचारलेला नाही, हे लक्षात घ्यावे. तो विचारला असता तर मुलाने 'मला फार वाईट वाटले' असे लिहिले असते आणि कणगी, भाकरी, करडू ही सारी वाहून गेली असती. कोठे, कोण, कोणत्या वेळी, हातात काय होते, कोण काय बोलले, हे प्रश्न विचारावेत. भावना तपशिलातून आपोआप प्रकट होते.

तिसरी तासिका : लिहिणे. दहा ते पंधरा वाक्ये पुरेत. फळ्यावर तीनच सूचना असाव्यात : एकाच प्रसंगाविषयी लिहा, एक तरी माणूस बोलू द्या, शेवटी तात्पर्य लिहू नका. लिहिताना शुद्धलेखनाबद्दल टोकू नये.

चौथी तासिका : वाचणे व सुधारणे. प्रत्येकाने आपली कथा शेजाऱ्यास वाचून दाखवावी. शेजाऱ्याने दोनच गोष्टी सांगाव्यात : कोणता भाग डोळ्यांसमोर उभा राहिला आणि कोठे समजले नाही. त्यानंतर दुसरी प्रत काढावी. शुद्धलेखनाची दुरुस्ती या टप्प्यावर करावी, त्यापूर्वी नव्हे.

बोली व प्रमाणभाषा

या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे कर्तव्य समजतो. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात सहावीतील एका मुलीने पाऊस न पडल्याची हकीकत लिहिली. तिची आजी अंगणात उभी राहून आभाळाशी भांडते, असा प्रसंग होता. आजीचे बोलणे तिने जसेच्या तसे लिहिले होते. मी लाल शाईने त्यातील अकरा शब्द 'शुद्ध' केले आणि वही परत दिली. पुढील आठवड्यात तिने 'पावसाळा' हा निबंध मार्गदर्शकातून उतरवून आणला. त्यात एकही चूक नव्हती; तिचे स्वतःचे एकही वाक्य नव्हते. मी तिला चांगले गुण दिले. आपण काय घालविले हे मला पुष्कळ उशिरा कळले. तोवर ती सातवी होऊन शाळेतून गेली होती.

म्हणून नियम असा ठेवावा : निवेदन प्रमाणभाषेत लिहिण्याचा सराव करावा, परंतु पात्रांचे बोलणे बोलीत राहू द्यावे. माडगूळकरांनी हेच केले आहे व त्यामुळे त्यांच्या मराठीस कोणी अशुद्ध म्हटलेले नाही. 'आजी असे बोलते, परीक्षेत उत्तर असे लिहावे,' एवढा भेद मूल सहज समजते. 'तुझी आजी चुकीचे बोलते' हे मात्र त्याला कधीही सांगू नये.

खबरदारी

मोकळेपणाने लिहू लागलेले मूल घरातील दुःखही लिहिते : कर्ज, दारू, मारहाण, ऊसतोडीस जाताना मागे राहिलेली भावंडे. अशी कथा मुलाच्या संमतीवाचून वर्गात वाचू नये, भिंतीवर लावू नये आणि गावात तिचा उच्चार करू नये. मूल संकटात आहे असे दिसल्यास कथेचे गुण बाजूस ठेवून प्रथम त्याच्या साहाय्याची व्यवस्था पाहावी.

लेखक शाळेत आल्यास

परिसरातील कथालेखकास शाळेत अवश्य बोलवावे. परंतु हार, नारळ व लांबलचक भाषण यांत तास संपू देऊ नये. मुलांनी त्यांची एक कथा अगोदर वाचलेली असावी व प्रश्न लिहून ठेवलेले असावेत. लेखकास विनंती करावी की, त्यांनी एखाद्या कथेचा खोडाखोड केलेला पहिला कागद सोबत आणावा. मोठी माणसेही वाक्य खोडतात, हे डोळ्यांनी पाहणे मुलांना व्याख्यानापेक्षा अधिक शिकविते. शक्य असल्यास सहल भिलार येथे न्यावी. महाबळेश्वर तालुक्यातील हे गाव २०१७ सालापासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथे घराघरांतून वाचनाची सोय झाली व बालसाहित्यासही स्वतंत्र जागा मिळाली. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. वर्गातील निवडक कथा अशा नियतकालिकांकडे पाठवाव्यात. त्याहून सोपा उपाय म्हणजे हस्तलिखित : वर्गाच्या सर्व कथा शिवून एक वही करावी व ती आळीपाळीने घरी न्यावी.

शिक्षकांसाठी गृहपाठ

पुढील केंद्रसंमेलनास येताना प्रत्येकाने आपल्या बालपणातील एका प्रसंगावर पंधरा वाक्यांची कथा लिहून आणावी. तात्पर्य लिहू नये. कोरा कागद समोर आला की मुलास काय वाटते, हे आपणांस त्याच वेळी समजेल. मग वह्या तपासताना लाल शाईचा हात आपोआप हलका होईल.